किनाऱ्यावरची गाडी आणि ब्लोअर : पाणी फटीतून काढायचं असतं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा : घर गुहागरच्या बाजूला, समुद्रापासून अर्ध्या किलोमीटरवर. गाडी काळी, दीड वर्षाची. दर रविवारी घरीच विहिरीच्या पाण्याने धुता. फडक्याने पुसली की उन्हात कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक ओरखडे दिसतात, न पुसता सोडली तर पांढरे ठिपके उमटतात. दुकानदाराने ब्लोअर दाखवला आणि "गरम हवेने पाच मिनिटांत गाडी वाळते" असं सांगितलं. तर घ्यावा का, कोणता घ्यावा आणि वापरायचा कसा?

घ्या. पण दुकानदाराने सांगितलेलं कारण मनातून काढून टाका. त्या समजुतीने वापरलात तर महिन्याभरात ब्लोअर माळ्यावर जाऊन पडेल. ब्लोअरची हवा कोमट लागते ती मोटरच्या उष्णतेने, आणि तेवढ्याने कोकणातल्या दमट हवेत पाणी वाळत नाही. ब्लोअर पाणी ढकलतो, एवढंच त्याचं काम. ढकललेलं पाणी खाली जमिनीवर पडलं पाहिजे. आणि ते सर्वात जास्त कुठून ढकलायला हवं, तर टपावरून किंवा बॉनेटवरून नव्हे, फटींतून. रत्नागिरीत 22 वर्षं गाड्या धुतल्यावर मी हे ठामपणे सांगतो. पत्रा काय, फडक्यानेही कोरडा होतो. फटीत फडकं जात नाही.

फटीचं एवढं का मनावर घ्यायचं, ते आधी सांगतो. जूनमध्ये आपल्या स्वयंपाकघरात मिठाच्या बरणीचं काय होतं ते तुम्ही पाहता. मिठाला पाणी सुटतं, आई त्यात तांदळाचे चार दाणे टाकते. हवेतली आर्द्रता साधारण 75 टक्क्यांच्या वर गेली की साधं मीठ हवेतलं पाणी ओढून स्वतःच विरघळू लागतं. समुद्राच्या मिठात मॅग्नेशियमचे क्षारही असतात, ते तर याहून पुष्कळ कमी आर्द्रतेतही ओलसर राहतात. समुद्राच्या एका लिटर पाण्यात सुमारे 35 ग्रॅम मीठ असतं आणि लाट फुटली की त्याचे सूक्ष्म थेंब वाऱ्याबरोबर अंगणापर्यंत येतात. म्हणजे तुमच्या गाडीच्या डिकीच्या खालच्या दुमडीत, नंबरप्लेटच्या मागे, दाराच्या तळाशी जे मीठ बसतं, ते चार महिने तरी पूर्ण कोरडं होतच नाही. गाडी धुतल्याने ते विरघळतं हे चांगलं. पण विरघळलेलं पाणी बाहेर निघालं नाही तर तेच मीठ फटीत आणखी आत शिरून बसतं.

मालवणकडची एक पांढरी गाडी माझ्याकडे येत असे. मालक अतिशय काळजीचे, आठवड्यातून दोनदा गाडी धुवायचे. सहाव्या वर्षी डिकीच्या खालच्या कडेला रंग फुगला, खरवडल्यावर खाली पत्रा खाल्लेला. वरून गाडी आरशासारखी होती. त्यांचं धुणं चुकलं नव्हतं, धुतल्यानंतरची दहा मिनिटं चुकत होती. वरवर पुसून गाडी लगेच पडवीत लावायचे आणि वर कव्हर टाकायचे. ओली गाडी कव्हराखाली ठेवणं म्हणजे ओले कपडे ट्रंकेत भरण्यासारखं आहे. हे कृपा करून करू नका.

आता पाण्याबद्दल. तुमचे पांढरे ठिपके म्हणजे विहिरीच्या पाण्यातले क्षार. थेंब आटतो, क्षार तिथेच राहतात, आणि काळ्या रंगावर ते ठसठशीत दिसतात. खाडीजवळच्या विहिरींना एप्रिल-मे महिन्यांत पाणी मचूळ होतं. तोंडात घेतलं की कळतं. त्या पाण्याने गाडी धुणं म्हणजे एक मीठ काढून दुसरं लावणं. त्या दोन महिन्यांत निदान शेवटचं पाणी तरी नळाचं किंवा टँकरचं वापरा. पाणी शुद्ध करणाऱ्या यंत्रातून जे वाया जाणारं पाणी निघतं ते बरेच जण गाडीसाठी साठवतात. त्यात क्षार मूळ पाण्यापेक्षाही जास्त असतात, ते झाडांना किंवा लादी पुसायला ठेवा. उलट पावसाळ्यात तुमच्या घराला जी पागोळी लागते ते पाणी शेवटच्या धुण्यासाठी उत्तम. पहिल्या आठ-दहा दिवसांचं सोडून द्या, त्यात कौलांवरची धूळ, पानं आणि उन्हाळाभर बसलेलं मीठ असतं. नंतर दोन बादल्या भरून ठेवा. त्यात क्षार जवळजवळ नसतात, थेंब राहिला तरी डाग पडत नाही.

जुने ठिपके गेले नसतील तर पांढरं व्हिनेगर आणि पाणी समप्रमाणात घेऊन, सावलीत, पत्रा थंड असताना ओल्या मऊ फडक्याने एक-दोन मिनिटं लावून धुऊन टाका. त्याने मेणही निघतं, ते पुन्हा लावावं लागेल.

आणि मेणावर तुमच्या ब्लोअरचं निम्मं यश आहे. गाडी विकत घेण्यापूर्वी पाहतो तसं, ब्लोअर घेण्यापूर्वी एक गोष्ट करून पाहा. स्वच्छ बॉनेटवर तांब्याभर पाणी ओता. अळूच्या पानावर पडावं तसे गोल थेंब होऊन ते पळालं तर ब्लोअर लगेच घ्या. पाणी पसरून चादरीसारखं चिकटून राहिलं तर आधी चांगलं मेण किंवा सीलंट (मेणासारखाच, रंगावर थर धरणारा लेप) आणा, ब्लोअर पुढच्या महिन्यात. कारण असं की पत्र्याला अगदी लगटून असलेला हवेचा थर जवळपास थांबलेलाच असतो. उंच, गोल थेंब त्या थरातून वर डोकावतो, त्याला झोत लागतो आणि तो धावतो. पातळ पसरलेलं पाणी त्या थराखाली दडून राहतं. मग माणूस ब्लोअर अधिक जवळ नेतो, अधिक वेळ धरतो, आणि शेवटी म्हणतो की यंत्रात दम नाही. किनाऱ्यावर मी दर अडीच-तीन महिन्यांनी मेण लावायला सांगतो, त्यातलं एक मे महिन्याच्या अखेरीस, पावसाआधी, चुकवू नये असं.

धुण्याची वेळही ठरवून घ्या. आपल्याकडे पहाटे जमिनीकडून समुद्राकडे मतलई वारा असतो आणि ऊन चढलं की समुद्राकडून खारा वारा सुरू होतो. रविवारी अकरा वाजता गाडी धुतलीत तर ओल्या पत्र्यावर खारा वारा आणि रस्त्यावरची तांबडी धूळ दोन्ही येऊन बसणार, शिवाय उन्हात थेंब तुमच्या हाताआधी आटणार. सात वाजता सुरू करा, नऊच्या आत संपवा. हिवाळ्यात दव पडलेलं असतं, त्या ओल्या गाडीवर कोरडं फडकं मारण्याची सवय अनेकांना आहे. रात्रभर बसलेल्या धुळीचा चिखल पत्र्यावर घासणं आहे ते. तुमच्या जाळीदार ओरखड्यांचं मूळ तिथेही असू शकेल. जांभ्याची धूळ हाताला मऊ लागते, पण तिच्यात बारीक कण असतात, आणि गाडीचा वरचा पारदर्शक थर साधारण 40 ते 50 मायक्रॉन जाडीचा, म्हणजे केसाहूनही पातळ.

साबण धुऊन झाल्यावर ब्लोअरकडे जाण्याआधी एक काम. पाइपचं नोझल काढा आणि साधी, मंद धार टपाच्या मधोमध सोडा. फवारा थेंब निर्माण करतो, सलग धार थेंबांना आपल्याबरोबर ओढून नेते. टप, पुढची काच, बॉनेट, मग दोन्ही बाजू. मेण लावलेली गाडी असेल तर यानेच बहुतेक पाणी उतरतं. ब्लोअरला जे उरेल ते थोडंच.

आता ब्लोअर. खळ्यात पावसाचं पाणी साचलं की आपण खराट्याने ते उताराच्या बाजूला सारत नेतो, मधेच चारी दिशांना उडवत नाही. हात तसाच चालला पाहिजे. तोंड पत्र्यापासून वीतभर लांब, तिरपं धरलेलं, आणि एका कडेपासून दुसऱ्या कडेकडे शांतपणे सरकणारं. सरळ काटकोनात धरलंत तर पाणी फुटून पुन्हा सगळीकडे उडतं. नोझल कडक प्लास्टिकचं असेल तर त्याच्या टोकाला रबराचा तुकडा किंवा जुन्या सायकलट्यूबची पट्टी बांधा. एकदा जरी काळ्या दाराला टोक लागलं तर मग त्या ब्लोअरने वाचवलेले सगळे ओरखडे फुकट गेले.

क्रमाबाबत माझा एकच आग्रह : फट आधी, पत्रा नंतर. लोक टप आणि बॉनेट छान कोरडे करतात, मग आरशात झोत मारतात आणि कोरड्या दारावर ओघळ येतो. वरून सुरुवात करा, टपाच्या दोन्ही बाजूंच्या काळ्या पट्ट्यांच्या खाचा, रेलिंग असेल तर त्याचे पाय. मग काचेभोवतीचं रबर. वायपरखालचा जाळीचा भाग, तिथे थोडा जास्त वेळ द्या. जानेवारी-फेब्रुवारीत गाडी आंब्याखाली उभी राहत असेल तर मोहर आणि पानं त्या जाळीत जाऊन पाणी निघण्याच्या वाटा बुजवतात, आणि पावसात गाडीच्या आत पायाखालची मॅट ओली होते. लोक काचेच्या रबराला दोष देतात. हा कचरा गाडी धुण्याआधी, कोरडा असतानाच, आधी हाताने आणि मग ब्लोअरने काढावा. ओला झाला की तो आत चिकटतो. (मोहराच्या दिवसांत तुडतुड्यांमुळे जो चिकट थर पत्र्यावर बसतो, त्यावर मात्र ब्लोअरचा काही उपाय चालत नाही, तो कोमट पाणी आणि शॅम्पूनेच जातो.)

पुढे आरसे. आरशाच्या काचेच्या कडेने आणि खालच्या फटीतून झोत द्या, किती पाणी निघतं ते पाहून तुम्हाला नवल वाटेल. दाराचे हँडल, पेट्रोलचं झाकण उघडून आतली वाटी, कंपनीची अक्षरं, पुढची जाळी, दिव्यांच्या कडा, बंपर आणि मडगार्ड जिथे मिळतात ती रेघ. रेडिएटरच्या पातळ पट्ट्यांवर जवळून जोराची हवा मारू नका, त्या वाकतात. मागे नंबरप्लेटच्या दोन्ही बाजू आणि तिच्यावरच्या दिव्याची खोबण. मग चारही दारं आणि डिकी उघडा. हे काम नव्वद टक्के लोक करत नाहीत असं माझ्या रोजच्या पाहण्यावरून म्हणतो, आणि किनाऱ्यावर हेच सगळ्यात मोलाचं आहे. रबराच्या बीडिंगच्या आत, बिजागरीपाशी, दाराच्या खालच्या दुमडीत हवा द्या. दाराच्या तळाला पाणी जाण्यासाठी लहान भोकं असतात. तांबड्या मातीने ती बुजतात आणि दारात पाणी साचतं. दार हलवल्यावर आतून डुचमळल्याचा आवाज आला तर समजा तेच झालंय. तार किंवा स्क्रूड्रायव्हर घालू नका, आतला रंग खरवडला की गंज तिथूनच सुरू होतो. माडाच्या झावळीचा ओला हीर घ्या, तो वाकतो, रंगाला इजा करत नाही. भोक मोकळं झालं की खालून एक झोत.

चाकं शेवटी. ब्रेकची काळी धूळ उडते, ती धुतलेल्या दारावर बसू नये. चाकाचे बोल्ट आणि रिमच्या मागची कड कोरडी केलीत की दुसऱ्या दिवशी रिमवर काळे ओघळ दिसत नाहीत. ब्रेकची डिस्क मात्र ब्लोअरवर सोडू नका. गाडी धुऊन झाली की बाजारापर्यंत एक फेरी मारा, मोकळ्या रस्त्यावर चार-पाच वेळा हलकेच ब्रेक दाबा. डिस्क घर्षणाने गरम होऊन सुकते. तशीच उभी केलीत तर आपल्या हवेत सकाळपर्यंत तिच्यावर तांबूस गंज चढतो, हँडब्रेक ओढून ठेवला असेल तर मागचे ब्रेक चिकटूनही बसतात.

एवढं झाल्यावर पत्र्यावर तुरळक थेंब राहतील. त्यांच्यासाठी फडकं लागतंच. शाई टिपकागदाने टिपतात तसं ते वापरा. जाड, मऊ मायक्रोफायबर पत्र्यावर पसरा, हाताने हलकं दाबा, उचला. रेटून गोल गोल फिरवणं बंद केलंत की नवे ओरखडे येणं बरंच थांबेल. जुनं बनियन, पंचा, धोतराचा तुकडा गाडीसाठी नको. फडकं जमिनीवर पडलं तर त्या दिवशी ते बाद, परत धुतल्याशिवाय गाडीला लावायचं नाही. धुताना कपडे मऊ करणारं द्रावण घालू नका, त्याने त्याची पाणी शोषण्याची ताकद जाते.

कोणता ब्लोअर, याचं उत्तर तुमच्या घरच्या वायरिंगवर आहे. धूळ झाडायला वापरतात तो 600 वॅटच्या आसपासचा हातातला ब्लोअर एका घरच्या गाडीच्या फटींसाठी पुरेसा आहे. तो 230 व्होल्टवर तीन अँपियरच्या आत चालतो, साध्या प्लगवर. पूर्ण पत्राही त्यानेच उरकायचा म्हटलं तर वेळ लागेल, पण तुम्ही फटींसाठी घेताय हे लक्षात ठेवा. 2000 वॅटचे मोठे ब्लोअर नऊ अँपियरच्या घरात जातात, त्यांना 16 अँपियरचाच प्लग हवा. बॅटरीवर चालणारा घेतलात तर ओल्या खळ्यात वायर ओढावी लागत नाही, ही मोठी सोय. पण पूर्ण वेगावर लहान बॅटरी लवकर संपते. वाड्या-वस्त्यांवर संध्याकाळी व्होल्टेज पडतं तेव्हा वायरचा ब्लोअर मंद होतो, हेही सकाळी काम करण्याचं एक कारण.

हवा आत ओढणाऱ्या जाळीवर धुळीचा फिल्टर आहे का, ते दुकानातच पाहा. नसेल तर पातळ स्पंज लावून घ्या. नाहीतर खळ्यातली तांबडी धूळ आत ओढून तो ती वेगाने तुमच्या काळ्या रंगावर फेकेल. याच कारणासाठी कोरड्या मातीवर उभं राहून ब्लोअर चालवू नका, आधी आजूबाजूला पाणी शिंपडून घ्या.

विजेबाबत मी कडक आहे. ओली जमीन, ओले हात आणि एक्स्टेंशन बोर्ड हे तिन्ही एकत्र आले की माणूस जातो. बोर्ड जमिनीवर ठेवू नका, पडवीत खिळ्याला टांगा. वायर गुंडाळीत ठेवून वापरली तर तापते, पूर्ण सोडून घ्या. पायात रबरी चपला. घरात 30 मिलिअँपियरचं गळती ओळखून वीज तोडणारं यंत्र, आरसीसीबी, नसेल तर ब्लोअरच्या आधी ते बसवा, आणि अर्थिंग तपासून घ्या. पाऊस पडत असताना वायरचा ब्लोअर उघड्यावर चालवायचा नाही. मुलं जवळ नकोत. कानात कापूस नाही, नीट बसणारे प्लग घाला, आणि डोळ्यांवर चष्मा. फटीतून उडणारा वाळूचा कण डोळ्यात जातो.

तुम्ही विचारलंत की ओळखीच्या गॅरेजमधला कंप्रेसर वापरला तर? खोल फटींसाठी कंप्रेसरची हवा ब्लोअरपेक्षा जोरदार असते, पण तिच्यात पाणी आणि तेल येतं. दमट हवा दाबली की टाकीत पाणी साठतं, पावसाळ्यात तर भरपूर. माझ्या सुरुवातीच्या दिवसांत टाकीचं पाणी न काढता मी एका पांढऱ्या गाडीवर हवा मारली आणि बॉनेटभर तपकिरी, तेलकट तुषार उडाले. मालक उभे होते. ती गाडी मी पुन्हा पूर्ण धुऊन दिली. तेव्हापासून सकाळी शटर उघडलं की पहिलं काम टाकीखालचा कॉक उघडणं, आणि जून ते सप्टेंबर ते दिवसातून दोनदा. गॅरेजवाल्याकडे पाणी-तेल अडवणारा फिल्टर असेल तरच गाडीला हवा मारू द्या. आणि ती हवा गमतीनेही कोणाच्या अंगावर, कानाजवळ धरू नका. दाबाची हवा कातडीतून आत शिरू शकते.

पावसाळ्यात धुवायचीच कशाला, असं बरेच जण म्हणतात. पाऊस वरचं मीठ धुतो हे खरं, पण चाकांनी उडालेला चिखल खालून साचत राहतो, आणि बीडिंगला बुरशी धरते. सतत पाऊस असेल तेव्हा आठवड्यातून एकदा शेडमध्ये गाडी घेऊन, खालून पाण्याने माती काढून, फक्त दारांच्या आणि डिकीच्या फटी ब्लोअरने मोकळ्या करा. टप तसाच ओला राहिला तरी चालेल. किनाऱ्यावर ओल्या वाळूत गाडी घातली असेल तर मात्र त्याच दिवशी खालून भरपूर गोडं पाणी मारून मग फटी कोरड्या करायच्या, दुसऱ्या दिवसावर ढकलायचं नाही.

ब्लोअरलाही खारी हवा लागते. काम झालं की सावलीत अर्धा मिनिट रिकामा चालवा, म्हणजे आत गेलेली ओल निघून जाईल. फिल्टरचा स्पंज धुऊन पूर्ण वाळल्यावरच परत बसवा. पडवीत खुंटीला टांगून ठेवू नका, घरात कपाटात, वायर सैल गुंडाळून ठेवा. आणि चालवताना मोटरमधून जास्त ठिणग्या किंवा जळका वास आला तर मोटरला वीज पोचवणारे आतले कार्बन बहुधा झिजलेत, ते वेळीच बदलून घ्या.